धामणमाळचा विनंती थांबा

शुक्रवार

धामणमाळ फाट्यावर बस थांबत नाही, हे मार्थाअक्कानं मला तीनदा कळवलं होतं. तरी मी कंडक्टरला म्हणालो, "फाट्यावर जरा थांबवा." बसखात्यात माझी बत्तीस वर्षं गेलीत. वाहतूक निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आपल्यासाठी एवढं कोणीही करेल, अशी माझी समजूत होती.

कंडक्टरनं मान वरही केली नाही. "तिथं थांबा न्हाई, काका."

"अहो, मी खात्यातलाच माणूस आहे. निरीक्षक होतो."

"मंग तर तुमाला म्हाईत पाहिजे."

फाटा आला आणि गेला. खिडकीतून अक्का दिसली, निळी छत्री घेऊन रस्त्याकडेला उभी. मी हात केला, तिनं छत्री हलवली, आणि बस चार किलोमीटर पुढच्या गावात जाऊन थांबली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अहिल्यानगरहून आणलेला खारीचा डबा, आणि डोक्यावर हिंगोली जिल्ह्यातलं फेब्रुवारीचं ऊन. आमच्याकडं असं ऊन एप्रिलात पडतं. मी उलट्या दिशेनं चालू लागलो.

दोन्ही बाजूंना हळद शिजत होती. शेताच्या बांधावर लोखंडी टाक्या मांडलेल्या, खाली धग, वर वाफ. त्या वाफेला ओल्या मातीचा आणि औषधाचा मिळून एक वास असतो. तो पहिल्यांदा बरा वाटतो आणि एका किलोमीटरनंतर नको होतो. बाया पिवळ्या हातांनी हळकुंडं पसरत होत्या. एकीनं मला हाक मारून विचारलं, "अक्काकडं का?" मी मान हलवली. "मग उलट्या बाजूनं काहून येऊन राहिलात?" उलटं नाही, बरोबरच चाललोय, बसनंच पुढं नेलं, हे तिला समजावण्यात माझी उरलेली शक्ती गेली.

अर्ध्या वाटेत मागून स्कूटर आली. पांढरी दाढी, पांढरी टोपी, पायाशी तांब्याच्या तारेची गुंडाळी. "अक्का के मेहमान? फाटे पे नै रुकी ना गाडी? बैठो." हे रहीमचाचा. धामणमाळमध्ये पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. मी बसलो. चाचा रस्त्याच्या मधोमध, संथ आणि निर्धास्त गाडी चालवत होते. समोरून ट्रक आला की ट्रक बाजूला व्हायचा.

अक्काच्या दारात उतरल्यावर तिनं त्यांनाच आधी झापलं. "चाचा, डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलंय ना? मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आलास? बरं झालं." खारीच्या डब्यात नुसता भुगा उरला होता. मी तो तिच्या हातात दिला आणि ओसरीवर आडवा झालो.

मार्थाअक्का माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. नर्स होऊन तरुणपणी या भागात आली ती परत गेलीच नाही. सुया टोचल्या, बाळंतपणं केली, निवृत्त झाली, तरी इथंच. बोलणंसुद्धा इथलंच झालंय. तिनं मला का बोलावलं होतं तेही सांगतो. धामणमाळच्या मुलींची शाळा सातवीला संपते. पुढं तालुक्याला जावं लागतं. सकाळची बस वस्तीसमोरूनच जाते, पण थांबत नाही. म्हणून मुली चार किलोमीटर चालत पुढच्या गावाला जातात. त्या वाटेवर गेल्या दिवाळीपासून दोन मोटारसायकलवाले रोज आडवे येतात. सकाळच्या वेळी रिक्षा मिळत नाहीत. मुली एकेक करून घरी बसल्या. दहावीच्या दोघी तेवढ्या राहिल्या होत्या, चाचांची नात निलोफर आणि वंदनाची प्रज्ञा. परीक्षा बारा दिवसांवर आली होती.

शनिवार

आंघोळ करून मी अक्काला म्हटलं, "फाइल दाखव."

फाइल नव्हतीच, कापडी पिशवी होती. त्यात पाच वर्षांतल्या अर्जांच्या प्रती. मी चष्मा लावून पहिला अर्ज उघडला. 'माननीय आगारप्रमुख साहेब, आपल्या मातोश्रींच्या गुडघ्याला आता आराम असेल. आम्ही त्यांच्यासाठी नेमानं प्रार्थना करतो.' पुढं अर्धं पान साहेबांच्या लेकीबाळींना आशीर्वाद. थांब्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत, सहीला चिकटून.

"अक्का, हा अर्ज आहे की ख्यालीखुशालीचं पत्र?"

"तिचा गुडघा खरंच सुजला होता. मीच शेकला."

"प्रवासी किती ते कुठं लिहिलंय? जागेचा नकाशा कुठंय? ग्रामपंचायतीचा ठराव?"

"ते तू लिही. म्हणूनच तर तुला बोलावलं."

तेवढ्यात वंदना आली. शेतमजुरी करते, वस्तीतल्या बुद्धविहाराचं सगळं कामकाजही तीच बघते. तिच्या हातात मात्र खरी फाइल होती. प्रत्येक अर्जाची पोच, तारखेप्रमाणं लावलेली. ठराव होता. मुलींची यादी होती, वयं आणि इयत्तांसकट. मी चकित होऊन विचारलं, हे सगळं आधीच का जोडलं नाही?

"जोडलं होतं की भाऊ," ती म्हणाली. "विहारात आमी अर्ज लिहायचाच वर्ग घेतो. पण अक्का आधी प्रार्थना घालतात, त्यात अर्धा कागद जातो. तिकडं साहेब पहिलं पान वाचून खाली ठेवतात."

अक्का चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. दुपारी तिनं सिद्धेश्वरच्या धरणातल्या माशांचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी वाढली. रस्सा असा की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्या घासाला कानांत वाफ. आमच्याकडं तिखट म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, पण हे तिखट नव्हतं, ही शिक्षा होती. मी पाणी मागितलं. अक्का म्हणाली, "पाण्यानं वाढतं, भाकरी खा." मी भाकरी खाल्ली आणि मनात म्हटलं, ही बाई कोणाचंच ऐकत नाही.

रविवार

आमची अहिल्यानगरची ख्रिस्ती मंडळी म्हणजे दगडी प्रार्थनामंदिर, घंटा, वाद्यवृंद, पुढच्या बाकांवर वडीलजन. धामणमाळची मंडळी म्हणजे अक्काची ओसरी, एक ताडपत्री आणि सात घरांतली वीसेक माणसं. पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी उपासना अक्काच चालवते. गाणी झाली, शास्त्रपाठ झाला. मग मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायची, प्रार्थना. तिच्यात आजाऱ्यांची नावं आली, गरोदर बायांची आली, त्यापाठोपाठ आगारप्रमुखांचं नाव आलं, त्यांच्या आईचा गुडघा आला, सकाळच्या बसचा ड्रायव्हर आला आणि शेवटी ते दोघे मोटारसायकलवालेही आले. त्यांच्यासाठीही ती देवाकडं चांगलंच मागत होती. मी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं.

उपासनेनंतर मी म्हटलं, "ही उपासना होती की आगाराची बैठक?"

ती ताडपत्रीची घडी घालत होती. "भास्कर, देवाकडं काय मागावं मग? माझा उद्धार मागून झाला. तो मिळालाय असं मी धरून चालते. आता थांबा मागते."

"आणि त्या गुंडांसाठी कशाला?"

"ते माझ्याच हातचे आहेत. दोघांच्या आयांची बाळंतपणं मी केली." मग म्हणाली, "पोलिसातबी तक्रार मीच दिली. दोन्ही करावं लागतं."

दुपारी रहीमचाचा आले. चेहरा उतरलेला. परगावी गवंडीकाम करणाऱ्या मुलाचा फोन आला होता. उद्यापासून निलोफर घराबाहेर पडणार नाही, परीक्षा गेली तरी चालेल. चाचांना स्कूटरवर तिला सोडता आलं असतं, पण दिसत नव्हतं. निलोफर त्यांच्या मागं उभी होती, भूगोलाचं पुस्तक छातीशी धरून. रडत नव्हती. मलाच विचारलं, "काका, तुम्ही बस थांबवायचं काम करायचात ना? मग कशी थांबवायचात?"

खरं उत्तर असं होतं, की मी ती न थांबवण्याचं काम करायचो. मी तिला भूगोलाचा कितवा धडा चाललाय ते विचारलं.

सोमवार

मी, अक्का, वंदना आणि चाचा तालुक्याच्या आगारात गेलो. माझ्या हातात माझा अर्ज होता, चार मुद्दे, नकाशा, ठराव, यादी, एकही आशीर्वाद नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "साहेब दौऱ्यावर आहेत."

हे वाक्य मी स्वतः एवढ्यांदा बोललोय, की ऐकताना माझेच ओठ हलले. साहेबांची जीप शेडमध्ये उभी होती. आतला पंखा फिरत होता. मी आवाज चढवला, माझं पद सांगितलं, नियम सांगितले. तो ढिम्म हलला नाही. तेव्हा अक्का खिडकीत वाकून म्हणाली, "बाळा, तुझ्या हाताचं इसब बरं आहे का?"

"उतरलं अक्का. तो मलम लई चांगला निघाला. या, आत या."

माझ्या बत्तीस वर्षांनी जे दार उघडलं नाही, ते इसबानं उघडलं. मला याचा इतका राग आला की आत गेल्यावर नमस्कार करायचाही राहिला.

आगारप्रमुख थकलेला, शांत माणूस होता. त्याच्या शेजारी कडक इस्त्रीच्या कपड्यांत एक गृहस्थ चहा पीत बसले होते. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. "असा अर्ज फार दिवसांनी बघितला," ते म्हणाले. मी ताठ बसलो. "पण मंजूर करता येणार नाही. फाटा वळणावर आहे. बस थांबली आणि मागून उसाचा ट्रक आला तर?"

ते खरं होतं. आणि दुसरी एक गोष्ट आठवली. माझ्या नोकरीत शेवटच्या वर्षांत एक बाई अशाच एका थांब्यासाठी यायची. डोक्यावरून पदर, हातात चुरगळलेला कागद. मी तिला याच शब्दांत सांगितलं होतं, जागा वळणावर आहे. ते खरं होतं का, हे मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. ती चारपाच वेळा आली, मग यायची थांबली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. तिचं गावही आता आठवत नाही.

इस्त्रीवाले गृहस्थ कप ठेवून म्हणाले, "बाई, या सगळ्यात तुमचा काय फायदा? पोरींना गोळा करून तुमच्या धर्मात न्यायचं असेल."

चाचांनी टोपी सारखी केली. "तीस साल हुए साहब. मेरेकू तो नै ले गई. सुया लेकिन बहुत टोचली."

अक्का त्या गृहस्थाकडं बघत म्हणाली, "माझी मंडळी वाढली तर मला आवडंल. खोटं काहून बोलू? पण बसमध्ये चढायला कोणालाबी प्रभूचं नाव घ्यावं लागणार न्हाई. तिकीट घ्यावं लागंल."

साहेब हसले. मग नकाशा पुन्हा ओढून घेतला. "वळणाच्या पुढं, कालव्याच्या अलीकडं, गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घेता येईल एवढी सपाट, टणक जागा दाखवा. परीक्षा संपेपर्यंत विनंती थांबा मी माझ्या अखत्यारीत देतो. पुढचं वरच्या कार्यालयाला लिहितो. पण जागा मला परवा सकाळपर्यंत तयार पाहिजे."

"जागा हाये," अक्का म्हणाली.

कोणती, ते मला परतताना रिक्षात कळलं. वळणाच्या पुढं रस्त्याला लागून मंडळीची जागा आहे. अक्कानं निवृत्त झाल्यावर ती मंडळीच्या नावानं घेतली. तिथं प्रार्थनामंदिर बांधायचं. दर नाताळाला लोक आपापल्या ऐपतीप्रमाणं बांधकामाचा दगड आणून टाकत. पायाचा दगड जमला होता, भिंती अजून कुणी पाहिल्या नव्हत्या. बस खाली घ्यायची तर ही जागा जाणार, आणि जमीन टणक करायची तर तोच दगड लागणार.

मी रिक्षातच भांडायला लागलो. "अक्का, देवाला अर्पण केलेली जागा आहे ती! तिथं बसथांबा?"

"म्हणूनच देता येते. माझी असती तर मी विचार केला असता."

संध्याकाळी मंडळी ओसरीवर जमली. अक्कानं सगळं सांगितलं आणि प्रार्थना न करता खाली बसली. तिला प्रार्थना न करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. एक तरुण बाई म्हणाली, आपल्या मंडळीत तर दहावीची एकही पोरगी नाही. ते बरोबरच होतं. मला वाटलं, झालं, मोडलं. आणि खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं.

मग शांतवनबाबा बोलले. ऐंशीच्या पुढचे, पहिला दगड त्यांनी स्वतःच्या बैलगाडीतून आणला होता. "माझी मौत त्या मंदिरातून निघावी असं लई मनात होतं," ते म्हणाले. "पेटी मधी ठेवायची, लोकांनी गाणी म्हणायची. मी जागाबी धरली होती, खिडकीजवळची." थोडं हसले. "पण मंदिरात माणूस किती वेळ बसतं? रविवारचा दीड तास. थांब्यावर रोज बसंल. द्या."

त्यांच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले. ज्या बाईनं विरोध केला होता, तिनंच विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

मंगळवार

सकाळी मला वाटलं, मंडळीतली वीस माणसं असतील. विहारातल्या बाया टोपल्या घेऊन आधीच आल्या होत्या. चाचांच्या मोहल्ल्यातून सहाजण पहारी घेऊन आले. हळदीच्या मजुरीला दांडी मारलेल्या चौघीजणी आल्या. दगड पसरला, फटींत मुरूम भरला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकला. मी निरीक्षक म्हणून कडेला उभा राहून सूचना देत होतो. वंदना म्हणाली, "भाऊ, तोंडासोबत हातबी चालवा." दुपारपर्यंत माझी कंबर गेली. अक्कानं तिथंच रस्त्यावर मला पालथं पाडून चोळलं. येणारेजाणारे बघत होते. या वयात, या पदावरून निवृत्त होऊन, मी भर रस्त्यात विव्हळत होतो आणि शांतवनबाबा पानाला चुना लावत मला धीर देत होते.

संध्याकाळी आगाराचा माणूस आला, पायानं ठोकून बघितलं, मोजलं, फोटो काढला. "चालतंय," म्हणाला.

बुधवार

सकाळी निलोफर आणि प्रज्ञा गणवेशात उभ्या होत्या. चाचांनी मुलाला फोन करून एवढंच सांगितलं होतं, "एक दिन देख." अर्धी वस्ती रस्त्यावर होती. बस आली. प्रज्ञानं हात केला. बस गेली.

थांबली नाही. वेगही कमी झाला नाही. आमच्या सगळ्यांच्या अंगावर फक्त धूळ आली.

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मंडळीतल्या बायांनी कानांवर हात ठेवले. अक्का म्हणाली, "ड्रायव्हरला कळवलं नसंल. उद्या थांबंल." तिचं हे 'उद्या' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाच वर्षं ही बाई उद्या म्हणतेय! मी तिच्यावर ओरडलो, तुझ्या या गोडव्यामुळंच लोक तुला धूप घालत नाहीत. ती खाली बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून रस्त्याकडं बघत राहिली. तेव्हा मला दिसलं की ती म्हातारी झालीय, आणि तिलाही उद्याची खात्री नाही. ती नुसती दर सकाळी उठते.

मी आगाराला फोन लावला. या वेळी माझं पद सांगितलं नाही. उद्याच्या गाडीवर ड्रायव्हर कोण आहे, त्याला लेखी सूचना गेली का, नोंदवहीत सही घेतली का, एकेक विचारत गेलो. सही घेतलेली नव्हती. मी फोन धरून बसलो. पलीकडचा माणूस चिडला, मीही चिडलो, पण फोन ठेवला नाही. सही झाल्याचं त्यानं सांगेपर्यंत ठेवला नाही. त्या दिवशी वंदनाचा नवरा दोघी मुलींना चालत पुढच्या गावी नेऊन नंतरच्या बसनं शाळेत पोचवून आला.

गुरुवार

परतीच्या गाडीसाठी मला तालुक्यालाच जायचं होतं, म्हणून मीही बॅग घेऊन मुलींसोबत उभा राहिलो. बस वळणावरून आली. हॉर्न वाजला, चाक रस्त्यावरून खाली उतरलं, आमच्या दगडांवर खडखडलं, आणि दार आमच्यासमोर उघडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचा नुसते म्हणाले, "चढो, चढो, देर हो रही." निलोफर चढली. प्रज्ञा चढली. मग मागच्या घरातून, घरी बसलेल्यांपैकी एक मुलगी दप्तर घेऊन पळत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ड्रायव्हर तिच्यासाठी थांबला.

मी अक्काला म्हटलं, "काल जास्त बोललो."

"बोललास. फोनबी केलास." तिनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. "दुपारची गाडी अजून थांबत न्हाई. पोरी परत कशा येतील?"

"अक्का, मला निघू दे!"

बस हलली. कंडक्टर तोच होता, शुक्रवारचा. त्यानं मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. तिकीट हातात आलं. त्यावर मागच्या गावाचं नाव होतं. मी म्हटलं, "मी धामणमाळला चढलो."

"मशीनमध्ये धामणमाळ न्हाई, काका."

माझं डोकं पुन्हा फिरलं. थांबा आहे, बस थांबली, माणसं चढली, आणि मशीनमध्ये गावच नाही! नियम सांगायला मी तोंड उघडलं. पुढच्या सीटवरून प्रज्ञा मागं वळली.

"काका, राहू द्या," ती म्हणाली. "अक्कानं त्याचा अर्ज सकाळीच लिहिलाय. सुरुवातीला मशीनवाल्यांसाठी प्रार्थना आहे. तेवढी आईनं खोडली."